अर्धी सायकल, अर्धी फटफटी

माझ्या मोपेडला मी कधी नाव दिलं नाही, नावं मात्र भरपूर ठेवली. धड सायकल नाही आणि धड फटफटीही नाही, असं ते प्रकरण होतं. तिला पेट्रोलची टाकी होती, इंजिन होतं आणि खाली सायकलसारखी पायडलंही होती. सुरू करायची तर घोडीवर, म्हणजे स्टँडवर, चढवून जोरजोरात पायडल मारायचं. चढ लागला की इंजिन कुंथायला लागायचं, मग आपण पायांनी मदत करायची. आणि पेट्रोल संपलं तर मागच्या चाकाजवळचा एक खटका फिरवून इंजिन सोडवायचं आणि सरळ सायकल म्हणून चालवायची. बदली होऊन गाव सोडून चाललेल्या ज्या शेजाऱ्याकडून मी ती जुनी गाडी घेतली, त्यानं ही शेवटची सोय फार कौतुकानं सांगितली होती. सायकल म्हणून चालवताना ती किती जड जाते, ते मात्र तो विसरला.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. आम्ही बनारसला ब्रह्मा घाटावर राहायचो. माझं माहेर सातारचं, सासर मात्र कितीतरी पिढ्या काशीतलं. सासरे वैदिक. पहाटे गंगेवर स्नान, घरी येऊन पूजा, मग दिवसभर कुठं रुद्र, कुठं पाठ. त्यांना मी मामंजी म्हणायचे. नवरा रेल्वेत, मुगलसरायला, तो सकाळी उजाडायच्या आतच बाहेर पडायचा. आणि मी शिवपूरकडच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, तेही कायम नव्हे. लांबच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी होते. त्या बाई परत येणार नाहीत असं कळलं होतं आणि ती जागा कायमची भरली जाणार होती.

मला ती नोकरी हवी होती. दुसरं काही मला त्या वर्षांत इतकं हवंसं वाटलं नाही. घाटाजवळच्या एका लहान शाळेत मला केव्हाही घेतलं असतं, पण तिथं पाढे आणि बेरजा. शिवपूरच्या शाळेत वरच्या वर्गाच्या मुली होत्या, अवघड गणित सुटलं की बाकावर हात आपटणाऱ्या. अडचण होती पोहोचण्याची. मैदागिनपर्यंत चालत, तिथून खच्चून भरलेल्या टेम्पोतून कचहरी, तिथून पुढं पुन्हा पायपीट किंवा रिक्षा. रस्ता तुंबला की प्रार्थना चुकायची. मुख्याध्यापिकांनी एकदा बजावलं, दुसऱ्यांदा बजावलं, आणि तिसऱ्यांदा काही न बोलता नुसतं घड्याळाकडे पाहिलं. त्याच आठवड्यात मी मोपेड घेतली.

घरात गहजब झाला. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

"अगं, ही बला दालानात कशाला आणलीस? बाहेर गलीत राहू दे ना."

"गलीत ठेवली तर बंदर हिची सीट फाडून टाकतील, आई."

"मग फाडू दे! हिला पेट्रोलचा वास किती आहे बघ. तुझे मामंजी सोवळ्यात येणार, त्यांचं धोतर हिला लागणार, आणि पुन्हा नहायला जा म्हणून मी त्यांना सांगू?"

मामंजी आले ते अंग चोरून आत गेले. संध्याकाळी मला समोर बोलावलं. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलावं तसे बोलले.

"सूनबाई, नोकरीला माझी ना नाही. पण यंत्राचा मला भरवसा नाही. घरातली लेक भर रस्त्यात बंद पडलेली गाडी ढकलत उभी आहे आणि येणारे-जाणारे हसताहेत, हे मला सोसणार नाही. तेव्हा एक शर्त ऐक. ज्या दिवशी हे यंत्र तुला अर्ध्या वाटेत टाकेल, त्या दिवशी ते ह्या घरातून जाईल. मग शिवपूरचं नाव काढायचं नाही. घाटाजवळच्या शाळेत जायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. त्यांनी 'लेक' म्हटलं म्हणून मी विरघळले असेन, नाहीतर इतक्या झटकन असल्या शर्तीला मी हो म्हटलं नसतं.

तिथून माझा आणि त्या गाडीचा संसार सुरू झाला, आणि संसारात असतात तशाच बारीकसारीक तक्रारीही. तिचा प्लग काजळी धरायचा. माझ्या पर्समध्ये कंगव्याशेजारी प्लग काढायचा पाना आणि रेगमालचा, म्हणजे काचकागदाचा, तुकडा कायमचा राहायला आला. साडीच्या निऱ्या पायडलात जायच्या आणि साखळीचं काळं तेल पदरापर्यंत चढायचं. हळदीकुंकवाला गेले तर बायका माझ्या हाताला अत्तर लावताना जरा नाक मुरडायच्या. दिवा होता, पण गाडी हळू केली की तोही मिणमिणा व्हायचा, म्हणजे खड्डा नीट बघायला वेग वाढवायचा आणि वेग वाढवून त्यात पडायचं. सायकल स्टँडवाला तिला सायकलींच्या रांगेत घेईना, स्कूटरच्या रांगेत स्कूटरवाले खेटू देईनात. पेट्रोलपंपावर माझ्यासारख्या आणखी एक-दोन मोपेडवाल्या भेटायच्या. आम्ही रांगेत उभ्या राहून आपापल्या गाडीच्या कागाळ्या सांगायचो, सुनांच्या सांगाव्यात तशा, आणि मग त्याच गाडीवर बसून निघून जायचो.

सगळ्यात छळ गलीचा. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गाडीवर बसायची सोयच नव्हती. पायऱ्या होत्या, वळणं होती, मध्येच एक सांड आडवा पसरलेला असायचा आणि तो उठायच्या मनःस्थितीत नसायचा. मी त्याला रोज हात जोडायचे आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचे. तेवढं अंतर गाडी ढकलत न्यायची, रस्त्यावर घोडीवर चढवायची, निऱ्या खोचायच्या आणि पायडल मारायला लागायचं. पानवाला रोज एकच प्रश्न विचारायचा, "का बहिनजी, आज चली?" ती बहुतेक वेळा चालायची. मला त्या पानवाल्याचा राग यायचा, पण चालली की मान वर करून मी त्याच्याकडे बघितल्याशिवाय पुढं जात नसे.

घरात हळूहळू तडजोड झाली. सासूबाईंनी शोधून काढली ती. मी संध्याकाळी गाडी आत घेतली की त्या गडव्यातलं गंगाजल तिच्यावर शिंपडायच्या, मग ती सोवळ्यात नाही तरी निदान दालानात चालेल इतपत शुद्ध व्हायची. आमच्या घरी कशालाही हाच उपाय होता. बाजारातून आलेला भाजीचा टोपला असो, परगावाहून आलेला पाहुणा असो, दुरुस्त होऊन आलेला रेडिओ असो, गंगाजलाचे चार थेंब पडले की तो घरचा. मामंजींचं त्याहून एक पाऊल पुढं होतं. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की पूजेच्या पंचपात्रातल्या तीन पळ्या तीर्थ आणि तुळशीचं पान हातावर द्यायचे. परीक्षा असो, बदली असो, कोर्टाची तारीख असो. आधी पुरुषांना, मग सासूबाईंना, शेवटी मला. ते तीर्थ पोटात गेलं की माणूस सुखरूप पोहोचतो, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

गाडीकडे मात्र ते बघायचेसुद्धा नाहीत. स्नानाहून ओल्या धोतरानं येताना अंग चोरून, भिंतीला घासत तिच्या बाजूनं जायचे. घरात सापासारखं काहीतरी आहे आणि ते झोपलेलं आहे तोवर बरं, असा एकूण भाव. प्लग बिघडून मला उशीर झाला की "टाकलं का?" असं एवढंच विचारायचे. मी "नाही, दहा मिनिटं रुसली होती" म्हणायचे. त्यावर ते मान हलवायचे. समाधानानं की निराशेनं, ते मला कधी कळलं नाही.

मग मुलाखतीचा दिवस ठरला. समिती साडेनऊला बसणार होती आणि नाव पुकारल्यावर हजर नसणाऱ्याला आत घेणार नव्हती. माझ्याशिवाय आणखी बायका येणार होत्या, त्यातल्या काही तर शाळेच्या जवळच राहणाऱ्या. आदल्या संध्याकाळी मी प्लग घासला, साखळीला तेल दिलं, हवा बघितली. टाकीत पेट्रोल थोडं होतं, पण जायला पुरेसं होतं. येताना पंपावर भरू, म्हटलं. सकाळी निघाले तेव्हा मामंजींची पूजा संपायची होती. तीर्थासाठी थांबायला वेळ नव्हता. मी लांबूनच नमस्कार केला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण नमस्कार पोहोचला असं वाटलं.

गाडी रस्त्यावर पहिल्या झटक्याला सुरू झाली. पानवाल्यानं विचारायच्या आत मी पुढं गेले. मैदागिन, कबीरचौरा, लहुराबीर, सगळं सुरळीत. तेलियाबाग यायच्या जरा आधी इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं, आणि मेलंच.

मी कडेला घेतली. घाबरले नाही, कारण प्लगची सवय होती. काढून बघितला तर स्वच्छ. पुन्हा लावला, घोडीवर चढवून पायडल मारलं, घाम फुटेपर्यंत मारलं. हूं नाही की चूं नाही. एक रिक्षावाला थांबला आणि मागची जागा थोपटून म्हणाला, "छोड़िए बहिनजी, बैठिए." आता पेट्रोल बघायचं म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीच्या तोंडाशी गाळायची जाळी असते. त्या जाळीवर तुळशीचं पान चिकटलेलं होतं. ताजं, हिरवंगार.

मी त्या पानाकडे बघत राहिले. पहिला विचार वाईटच आला, तोही लिहिते. मला वाटलं, मामंजींनी शर्त जिंकायला टाकीत पाणी ओतलं. पण तो विचार क्षणभरच टिकला. कुणाचं वाईट करायला पाण्यात तुळस कोण घालेल? ते तीर्थ होतं. मला तीर्थासाठी थांबायला वेळ नसणार हे त्यांना आधीच कळलं असणार. म्हणून स्नानाहून आल्यावर, मी अजून वेणी घालत होते तेव्हा, त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा त्या गाडीला हात लावला असणार. झाकण उघडलं असणार. परगावी निघालेल्याला देतात तशा, कालच्या पूजेतल्या तीन पळ्या ताज्या पानासकट तिच्या तोंडात घातल्या असणार. मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. भर रस्त्यात उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "मामंजी, अहो, पेट्रोलमध्ये पाणी!" रिक्षावाला दचकला.

आता काय? रिक्षात बसले असते तर वेळेवर पोहोचले असते. पण गाडी रस्त्यात टाकून गेले असते तर शर्त हरले असते, आणि मामंजी शब्दाचे पक्के होते. नोकरी मिळाली असती आणि तिथं जायची वाट बंद झाली असती. मला दोन्ही हवं होतं. मी पान जाळीवरून अलगद काढलं, रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं. झाकण लावलं. मागच्या चाकाजवळ वाकून खटका फिरवला. रिक्षावाल्याला म्हटलं, "नहीं भैया, हम इसी से जाएँगे."

साताऱ्याला मी शाळेत सायकलनं जायचे, आणि तिथं सपाट रस्ता असा नव्हताच. मांड्यांना जुनी ओळख होती. पण ही सायकल नव्हती, लोखंडाची म्हैस होती. अंधरापुलापर्यंत मी दात-ओठ खाऊन मारत राहिले. नदेसरला दम लागला. टेम्पोतली माणसं वाकवाकून बघत होती. एका पोरीनं आपल्या आईला हसून काहीतरी दाखवलं. बघ बाई, पोटभर बघ, मी मनात म्हटलं. वरुणेच्या पुलाच्या चढावर पायडल खाली जाईचना. मी सीटवरून उठले, सगळं अंग त्या एका पायावर टाकलं, मग दुसऱ्या. उतरून ढकलायचा मोह झाला. पण ढकलत असलेली मी, हेच तर त्यांना बघवणार नव्हतं. माझा स्वभाव हट्टी आहे. त्याबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली, पण त्या पुलावर त्याचं चीज झालं.

शाळेत पोहोचले तेव्हा यादीत माझ्या आधी नाव असलेल्या बाई मुलाखतीला आत होत्या. पुढचं नाव माझं. मी नळावर तोंड धुतलं. साडीच्या काठाला काळं तेल होतं, ते दुमडून आत घेतलं. समितीत एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी गणिताचं विचारलं, ते सगळं आलं. मग त्यांनी कागद बाजूला सारून विचारलं, "ब्रह्मा घाट तो बहुत दूर है. रोज़ समय पर आ पाएँगी?"

"आज आई हूँ न," मी म्हटलं. 

परतताना घाई नव्हती. पंपाशेजारच्या एका दुकानात टाकी धुऊन घेतली, नवं पेट्रोल भरलं. घरी आले तर मामंजी दालानातच बसलेले. ते कधी तिथं बसत नसत. सासूबाई मागं दाराला टेकून.

"पोहोचलीस?" त्यांनी विचारलं.

"पोहोचले."

"यंत्रानं त्रास नाही ना दिला?"

मी रुमाल सोडून पान त्यांच्यापुढं धरलं. ते मलूल झालं होतं, त्याला पेट्रोलचा वास येत होता. मामंजींनी पान बघितलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्यांना यंत्रातलं कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून कळण्यासारखं ते होतं.

"पाण्यानं बंद पडतं?" ते हळूच म्हणाले.

"पडतं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही त्याच्या पोटात पाणी घातलंत? मी बाहेरून शिंपडते, तेवढं काफी होतं की!"

"तू तशीच निघणार होतीस," मामंजी म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, ह्या खेपेला भिंतीशी नव्हे. "तीर्थ न घेता. मला वाटलं, निदान तुझ्याबरोबर जाणाऱ्या यंत्राला द्यावं. मला भीती वाटते गं. रोज वाटते. तू संध्याकाळी गलीत वळल्याचा आवाज येईपर्यंत माझं जपात लक्ष नसतं."

इतक्या दिवसांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं त्यांना गाडीचा राग आहे.  पण शर्त शर्त होती, आणि ती मी विसरल्यासारखं दाखवलं असतं तर पुढं रोज मनाला खात राहिली असती.

"मामंजी, इंजिन तेलियाबागला बंद पडलं," मी म्हटलं. "शर्त तुम्ही घातली होती. आता तुम्हीच सांगा."

 ते सभेत शास्त्रार्थाला बसत तसे ताठ बसले.

"तिथून पुढं कशी गेलीस?"

"पायडल मारत."

"ह्याच यंत्रावर?"

"ह्याच."

"उतरून ढकललंस?"

"पुलावरसुद्धा नाही."

"मी म्हटलं होतं, अर्ध्या वाटेत टाकेल त्या दिवशी. टाकलं का?"

"नाही टाकलं."

"मग विषय संपला," ते म्हणाले. "आणि चूक माझी होती, तिची नाही." उठताना त्यांनी गाडीच्या सीटला हात लावला. ओझरताच. मग नेहमीसारखं भिंतीला न घासता, तिच्या कडेनं सरळ चालत गेले.

काही दिवसांनी शाळेतून निरोप आला, जागा माझी झाली. पुढं तिथं मी खूप वर्षं शिकवलं. गाडी तितकी टिकली नाही, तिच्या जागी स्कूटर आली, आणि त्या स्कूटरबद्दल माझ्या काहीच तक्रारी नव्हत्या, त्यामुळे तिची आठवणही फारशी नाही.

आठवतो तो कायमची शिक्षिका म्हणून मी निघाले तो पहिला दिवस. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी होती, तो पूजेपाशीच बसला होता. सासूबाईही होत्या. माझी पाळी शेवटची, म्हणून मी दालानात गाडी पुसत थांबले होते. मामंजींनी पळी उचलली आणि आधी मला हाक मारली. नवऱ्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"यंत्राला सोसत नाही," मामंजी म्हणाले. "तू घे."

तीन पळ्या. मी त्या प्यायले, तुळशीचं पान चावून खाल्लं, ओला हात डोक्यावरून फिरवला. मग निऱ्या खोचल्या आणि गाडी बाहेर काढली. मामंजी उठून दारापर्यंत आले आणि मी गलीच्या वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.